अर्ध्या माळेचा रंग

त्या दिवशी मी शाहूपुरीत रेशमी दोरा आणायला गेलतो. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. दोऱ्याची लड घेतली, थोडं मेण घेतलं, सुनेनं सांगितलेली कोथिंबीर घेतली आणि सावली धरत धरत घरी आलो. हातपाय धुतले आणि रोजच्यासारखी देव्हाऱ्यातली डबी उघडली. डबीत पोवळ्यांची अर्धी माळ होती. तिच्यातला एक मणी पांढरा पडला होता.

बसा पावणं, तुमची बोरमाळ ओवता ओवताच सांगतो. घाई असली तर उद्या या. पण सांगायला लागलो की मला मधनं तोडता येत नाही.

मी पटवेकरी. मंगळवार पेठेत ह्याच उंबऱ्याशी बसून जन्मभर लोकांचे दागिने ओवले. शाळा बघितली नाही. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसायचं, गाठ मारायची, ओढून बघायची, एवढंच येतं. घरात मुलगा कृष्णात, सून वर्षाराणी आणि त्यांची एकुलती एक लेक तेजस्वी. पोरगी हुशार. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिची निवड झाली एका जहाजावर शिकायला. इंजिनाचं नव्हे, शिडाचं जहाज. पोरंपोरीच त्यावर शिडं ओढतात, पाळीपाळीनं पहारा करतात आणि पाण्यात उतरून पोवळ्याच्या बेटांचा अभ्यास करतात.

"आण्णा, पोवळं म्हंजे दगड न्हाय बरं का," जायच्या आधी ती मला म्हणाली. "बारक्या बारक्या जिवांनी बांधलेली घरं असत्यात ती. अंधार पडला की ते बारकं हात बाहेर काढून पाण्यासंगं डुलत्यात, आणि एकाला लागून दुसरं घर उठतंय. तुम्ही जल्मभर लोकांची घरं ओवलाय."

"आणि एकानंबी हटकलं न्हाय मला," मी म्हणालो. पोरगी खो खो हसली.

सून मात्र हसेना. "पंचगंगेला पाणी चढलं की दार लावून घेणारी बाई मी. आणि माझी लेक समुद्राच्या तळाला जाणार?"

"आई, तळाला न्हाय गं. जरा खाली."

"बुडायला जरा खाली पुरतंय की."

दोन दिवस घरात असंच चाललं. शेवटी मीच आमच्यातली जुनी चाल काढली. पोवळं अंगावर असलं की माणसाचं दुखणं त्याला आधी कळतं. ताप चढायच्या आधी मणी फिका पडतो. म्हणून पोर लांब सासरी चालली की तिची माळ मधोमध तोडायची. अर्धी तिच्या गळ्यात, अर्धी आईच्या घरी. इथली फिकी पडली तर पोरीला आणायला गाडी जोडायची. माझी बायको धोंडुबाई वारली तेव्हा तिची माळ मी ठेवून दिलेली. ती तोडली. अर्धी तेजस्वीच्या गळ्यात बांधली, अर्धी देव्हाऱ्यात ठेवली.

वर्षाराणीनं डबीवर हात ठेवून मला सांगितलं, "आण्णा, ह्या माळंच्या भरवशावर धाडतो मी तिला. रंग उडाला की त्याच दिवशी माघारी बोलवायची. मोडता घालायचा न्हाय कुणी."

"न्हाय घालणार," मी म्हणालो.

त्यामुळं तो पांढरा मणी बघून मी घाबरलो. सून दळण आणायला गेली होती. मी तेजस्वीला फोन लावला. जहाज कुठल्याशा बेटाजवळ होतं, म्हणून लागला तरी. पलीकडनं तडतड, तडतड आवाज येत होता, तापल्या तेलात मोहरी पडावी तसा.

"काय गं, फोडणी टाकलीस का?"

"न्हाय ओ आण्णा. पाण्याखालचा आवाज हाय त्यो. यंत्र सोडून ऐकतोय आम्ही. जित्तं पोवळं असलं की तितं असं तडतडतंय. लई कमी झालाय आता." तिचा आवाज बसला होता. "समुद्र तापलाय. सगळं बेट पांढरं पडाय लागलंय."

मी तिला मण्याचं सांगितलं. मग विचारलं,

"तब्येत बरी हाय न्हवं तुझी?"

"ठणठणीत हाय. आण्णा... आईला सांगू नका. थोडंच काम राहिलंय. आत्ता मी निघून आलो तर ह्या बेटाचं मरण कुणीच बघणार न्हाय."

मरण कशाला बघायचं, असं मी तिला विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. पोरीनं कधी काही मागितलं नव्हतं हो माझ्याकडं.

मग रोज डबी उघडायची आणि रोज एखादा मणी पांढरा दिसायचा. सून दिवा लावायला जायच्या आत मी डबी उचलून जागेवर घेऊन बसायचो. "मेण लावतोय," म्हणायचो. पण असं किती दिवस चालणार?

फिकं पोवळं लाल करायची युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते. गिऱ्हाईक फसवायला कधी वापरली नाही. त्या दुपारी वापरली. वाटीत गोडं तेल घेतलं, लाल रंग कालवला आणि माळ त्यात सोडली.

वाटीतनं आवाज यायला लागला. तडतड... तडतड... तेल तर गारच होतं. खोलीत खारट, ओलसर वास पसरला. मी वाटीवर पाट ठेवला आणि त्यावर हात दाबून बसलो. हळूहळू आवाज कमी होत गेला आणि थांबला. गल्लीतला वाहनांचा आवाजही मला ऐकू येईना. पाट उचलून बघितला तर मणी लालभडक.

संध्याकाळी सुनेनं डबी उघडली. "बघा की आण्णा, कसा तजेला आलाय! सुखात हाय पोर," म्हणाली आणि तिनं साखर ठेवली देवापुढं.

जहाजावरच्या सरांचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी. काळजी करू नका, पोरगी सुखरूप आहे, म्हणाले. काल दुपारी पाण्यात जोडीदारापासनं जरा लांब गेली होती. शोधली तेव्हा पांढऱ्या पोवळ्यावर हात टेकून बसलेली सापडली. डोळे उघडे, श्वास नीट. वर आल्यापासनं बोलत मात्र काही नाही.

आठवड्याभरानं कृष्णात तिला घेऊन आला. गाल लाल, ओठ लाल. शेजारच्या बायका म्हणाल्या, समुद्राची हवा मानवली. वर्षाराणीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोरगी उंबऱ्यातनं आत आली आणि माझ्याकडं बघून हसली, पण कुणीतरी आधी शिकवून ठेवल्यासारखं.

"काम झालं का बाळ तुझं?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. एवढंच.

सकाळी तिच्या उशीवर लाल डाग दिसला. सुनेला वाटलं, मान खरचटली. मी बोट लावून बघितलं. तेल होतं, रंग कालवलेलं. तिच्या गळ्यातल्या माळेला मी कधीच रंग लावला नव्हता.

मला राहवेना. दुपारी सून भांडी घासायला मागं गेल्यावर मी डबीतली माळ काढली आणि कापसानं एक मणी पुसायला लागलो. म्हटलं, जे आहे ते उघडं होऊ दे, सुनेला सांगून टाकू. रंग निघाला, खाली चुन्यासारखं पांढरं. समोर चटईवर पोरगी बसली होती. तिच्या ओठांवरनं लाली उतरत होती. मग गालांवरनं, मग नखांवरनं.

"तेजू...?"

"पुसू नका," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण लांबनं आल्यासारखा. "आण्णा... आत कुणी न्हाय."

मी घाईघाईनं वाटी घेतली आणि मणी परत लाल केला.

तेव्हापासनं मी तेच करतो आहे. रंग विटला की लावायचा. सुनेला काही सांगितलं नाही. काय सांगू? तो पहिला मणी दाखवला असता तर त्याच दिवशी कृष्णात निघाला असता आणि पोरगी शिव्या देत, रडत, पण आमची पोरगी म्हणून घरी आली असती. वर्षभर माझ्याशी बोलली नसती. न बोलू दे की!

दिवसभर ती दगडासारखी बसते. खाते थोडं, विचारलं तर व्हय-न्हाय म्हणते. डॉक्टर म्हणतात, धसका घेतलाय, उतरेल. पण दिवेलागण झाली की तिचे हात मांडीवर उघडतात. दहाही बोटं ताठ होतात आणि हळूहळू डुलायला लागतात. एकदा इकडं, एकदा तिकडं. वारा नसतो, पंखा बंद असतो.

सून रोज संध्याकाळी तिच्या शेजारी जाऊन बसते, तिच्या केसांना तेल लावते, गोष्टी सांगते. काल मी उंबऱ्यातनं आत बघितलं. वर्षाराणी बोलता बोलता गप्प झाली होती. तेलाची वाटी बाजूला पडलेली. तिचेही हात मांडीवर उघडले होते आणि त्या मायलेकींची बोटं एकाच वेळी, एकाच बाजूला झुकत होती.