वेणूआत्यांची शिंक

रथसप्तमी उलटली आणि सारं शिरोळी आनंदानं शिंकत होतं. बाजारात कुणी शिंकलं, की चारचौघं "अभिनंदन!" म्हणायचे. वेणूआत्या मात्र खिडकीशी वाट पाहत बसल्या होत्या. त्यांना शिंक काही येईना.

ही सारी करामत त्यांच्या भाचेसुनेची, डॉ. ऋजुताची. फ्लूची नवी महासाथ येणार, हे वेळीच हेरून तिनं 'पाहुणी लस' तयार केली होती. ही लस टोचायची नाही. ती म्हणजे एक माणसाळवलेला, निरुपद्रवी विषाणू. मोजक्या लोकांच्या नाकात त्याचा फवारा मारायचा, मग तो शेजारी बसणाऱ्याला आपसूक लागतो. शिंक आली, की लस लागू पडली असं समजायचं. आणि तो गावभर पसरवायला या पोरीनं शोधलं काय, तर संक्रांतीचं हळदीकुंकू! वाण देणाऱ्या बायकांना तिनं फवारा दिला, आणि त्यांच्याकडून लस घरोघरी, नवऱ्यापोरांपर्यंत पोचली. ना रांगा, ना रडारड. आत्यांना तिचा केवढा अभिमान वाटायचा!

लसीच्या धावपळीत संक्रांतीपासून न फिरकलेली ऋजुता संध्याकाळी आली, तेव्हा त्यांनी हसत तक्रार केली. "तुझी पाहुणी माझ्याकडे फिरकलीच नाही गं."

ऋजुता दचकली. "तुम्ही हळदीकुंकवाला कुठंच गेला नाहीत?"

"हे गेल्यापासून मला कोण बोलावतंय? तुझ्याकडचंही आमंत्रण नव्हतंच की." आत्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

ऋजुतानं मोबाइलवर गावाचा नकाशा उघडला. शिंकेची नोंद झालेली घरं हिरवी होती. अधूनमधून पांढरे ठिपके उरले होते. आत्यांनी चष्मा लावून ते ओळखले. "ही सरू. ही कुंभारांची अक्का. ही शेवंता." सगळ्या एकट्या राहणाऱ्या, सगळ्या विधवा.

"मग आता दे की फवारा," आत्या म्हणाल्या.

"नाही देता येत. विषाणू बदलून घातक होऊ नये, म्हणून मीच त्याला मुदत घातली होती. ती संपली, आता तो कुणालाच लागत नाही. नवा बनवायला महिना लागेल, आणि साथ शेजारच्या तालुक्यात आलीय." ती रडू लागली. "लस लागलेले आजारी पडणार नाहीत, पण साथ नाकातून वाहून आणतील. आत्या, उद्यापासून कुणालाही घरात घेऊ नका. मलासुद्धा."

एवढं गाव वाचवणारी पोर, तिचं रडणं आत्यांना बघवेना. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"वेडी कुठली! घेणार नाही कुणाला. तुझ्याशिवाय माझ्याकडे येतं तरी कोण?"