तुमची स्तुती तुमच्याजवळच ठेवा

लालबर्‍याच्या बस स्टँडवर मी चहा पीत उभी होते, आणि शेजारचा माणूस माझ्याबद्दलच मोठ्यानं वाचत होता.

त्याच्या हातात गोंदियाहून येणारं मराठी साप्ताहिक होतं. टपरीवाल्याला तो ऐकवत होता, "'खाणीवरची बाई' या नाटकातली यमुना पाहताना अंगावर काटा येतो. आणि सर्वांत मोठं आश्चर्य म्हणजे, यमुना रंगवणारा कलाकार पुरुष आहे, हे शेवटपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही!"

माझ्या हातातला चहा हिंदकळला.

ती यमुना म्हणजे मीच. मी ज्योत्स्ना मेश्राम. शाळेत माझं नाव दुसरं होतं. ते मी आता कोणाला सांगत नाही, आणि आईनंही ते घेणं सोडलंय. मी बाई आहे. दुर्गाबाईंच्या नाटक मंडळीत आले तेव्हापासून नाही, त्याच्या कितीतरी आधीपासून.

"कोन बेअक्कल लिहिते हे?" मी विचारलं.

माणसानं पेपर खाली घेतला. सावळा चेहरा, दाट पापण्या… आणि हसू येता येता थांबलेलं.

"मीच," तो म्हणाला. "वीरेंद्र चुटे. काहून, आवडलं नाही काय?"

"त्या नटीले भेटले काय कधी?"

"नटी? नाही, नट हाय तो. तेच तर…"

"मग पाहून घ्या. तुमच्यापुढंच उभी हाय."

त्याचा चेहरा उतरला. मला मुळीच दया आली नाही. "कोनाले कळलं नाही म्हने! कळाचं काय होतं त्यात? मी काय चोरी करून राह्यली होती? तुमची स्तुती तुमच्याजवळच ठेवा. उद्या तुमच्याबद्दल कोनी लिहिलं, की वा, गाढव असून लेखनी कशी चालवते, तर बरं वाटन तुमाले?"

टपरीवाला फिसकन हसला. बसनं हॉर्न दिला, मी तरातरा चढले. बस वळली तेव्हा तो खिडकीच्या बाजूनं धावत होता.

"मॅडम, ओढनीवर चहा सांडला तुमच्या…" आणि त्यानं आपला रुमाल खिडकीतून आत सरकवला.

मी तो बाहेर भिरकावला. आणि लालबर्रा मागं पडेपर्यंत त्या दाट पापण्यांवर चिडत राहिले.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसभर जत्रा, रात्री नाटक. परसवाड्याच्या मंडईत दुपारी मी तंबूत आरशापुढं बसले होते, तर कनातीबाहेरून आवाज आला, "येऊ काय?"

वीरेंद्रच होता. नवा अंक माझ्यापुढं धरून उभा राहिला, शाळकरी पोरानं गृहपाठ दाखवावा तसा. मी वाचलं. मथळाच होता, 'शापित देहातली कला'. खाली पहिली ओळ, 'तृतीयपंथी असूनही…'

"हे 'असूनही' काहून आलं इथं?"

"म्हंजे… तुमचा संघर्ष…"

"माह्या संघर्षाचं तिकीट लावलं काय कोनी? अन् शाप कोनी देल्ला मले, तुमी? तिसर्‍या अंकात यमुना काय करते, सांगा."

त्यानं पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"नाही येत ना सांगता? तुमी नाटक पाह्यलंच नाही. मलेच पाहत होते."

"हौ," तो हळूच म्हणाला. "तुमालेच पाहत होतो…"

नशीब, तोंडावर रंग होता. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

"ते बंद करा," मी आरशाकडे पाहत म्हटलं.

"ते नाही जमन. पन आता नाटकबी पाहीन."

आणि खरंच पाहिलं त्यानं. पुढच्या प्रत्येक खेळाला तो यायचा, कडेला बसायचा, आणि दुसर्‍या दिवशी त्याचा फोन यायचा. "नवर्‍याचं प्रेत खाणीतून वर येते तवा यमुना पाठ काहून करते? रडाले पायजे होती ती."

"तुमाले वाटते म्हनून यमुना रडन काय?"

"मग काय वाटते तिले?"

कोणी मला असं विचारलंच नव्हतं. लोक विचारायचे, आवाज कसा काढता, साडी कोण नेसवून देतं, अन् त्यापुढचे घाणेरडे प्रश्न. हा विचारायचा, यमुनेला काय वाटतं. मी सांगायचे, तो खोडायचा, मी भडकायचे, आणि भांडता भांडता दोघंही हसत सुटायचो.

मग त्यानं तिसर्‍यांदा लिहिलं. दुर्गाबाईंनी चष्मा लावून आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं. "'प्रेत वर येतं तेव्हा ज्योत्स्ना मेश्राम प्रेक्षकांकडे पाठ करते. तिचा चेहरा दिसत नाही. दिसतात फक्त जेवणाच्या डब्याची कडी धरलेली बोटं, एकेक करून सुटणारी. हुंदक्याची सोपी वाट सोडणारी अशी नटी आपल्या भागात दुसरी नाही.'"

दुर्गाबाईंनी चष्मा काढला. "सारी जिंदगी गेली माही स्टेजवर. माह्याबद्दल असं कोनी लिवलं नाही, पोरी."

त्यात माझ्या देहाबद्दल अवाक्षर नव्हतं. फक्त माझं काम होतं. मी कनातीमागं जाऊन रडले.

संध्याकाळी आम्ही वैनगंगेच्या घाटावर भेटलो. पाण्यावर धुकं उतरत होतं, गार वार्‍यात मध्येच बारीक थेंब. त्यानं माझा हात हातात घेतला, बोटं त्याच डब्याच्या कडीसारखी घट्ट धरली.

"ज्योत्स्ना… मले तू…"

"काय?"

"काही नाही. थंडी हाय."

"हौ का," मी म्हटलं. "थंडीबद्दलबी लिहा मग पेपरात."

महिनाभरानं बालाघाटच्या सभागृहात कलावंतांचा सत्कार होता. त्या तिसर्‍या परीक्षणामुळंच माझं नाव यादीत गेलं होतं. आई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. निवेदकानं माईकवरून पुकारलं, "अब आ रहे हैं स्त्री-पात्र निभाने वाले हमारे बेहतरीन पुरुष कलाकार, श्री…"

आणि माझं जुनं नाव घेतलं. कुठून खणून काढलं होतं, कोण जाणे.

आईनं पदर तोंडाला लावला. ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात आग भडकली. मी वर गेले. शाल घेतली नाही, माईक घेतला. "ज्या श्रीमानाले तुमी बोलावलं, तो मले माहीत नाही. तो आला की द्या त्याले बक्षीस. माहं नाव ज्योत्स्ना मेश्राम हाय."

अर्ध्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी शिट्टी मारली. आईचा हात धरून मी बाहेर आले, तिला ऑटोत बसवलं, तोवर वीरेंद्र धावत आला.

"काय बोलली तू! मले तर…" त्यानं भर रस्त्यात माझा हात धरला. तेवढ्यात एक स्कूटी थांबली.

"दादा? ये कौन हैं?" त्याची बहीण रीना.

हात सुटला. नाटकात मी एकेक बोट सोडते. त्यानं सगळी एकदम सोडली.

"हे… पेपरच्या कामाचे. नाटकवाले."

रीना गेली. मी तिथंच उभी.

"हे?" मी म्हटलं. "हे?"

"ज्योत्स्ना, ऐक… घरी अजून…"

"तो माईकवाला तर परका होता. त्याच्यावरचा राग उद्या जाईन. तुमी तर मले ओळखता ना? पेपरात 'ती' अन् बहिनीपुढं 'हे'! लेखनी तुमची वाघ अन् जीभ उंदीर! माह्यावर पुन्हा एक अक्षर लिहू नका."

मी आईशेजारी बसले, ऑटो निघाला. आई माझी पाठ थोपटत राहिली.

त्याचे फोन आले, मी घेतले नाहीत. यमुनेचा संताप त्या दिवसांत इतका खरा यायला लागला, की दुर्गाबाईच म्हणाल्या, "हळू, माय. स्टेज मोडशील."

हंगामातला शेवटचा खेळ लामत्याला होता. लामता म्हणजे त्याचं गाव. मी जाणार नव्हते, पण त्याच्यामुळं खेळ सोडायचा? मी गेले. ऊन कलतं होतं, मंडई गजबजली होती. मी बांगड्यांच्या दुकानात हात पुढं करून बसले होते, आणि गर्दीतून वीरेंद्र आला. सोबत नऊवारीतली एक ताठ बाई.

ओळखीचं अख्खं गाव भोवती होतं. कोणी त्याला हाक मारत होतं, कोणी रामराम करत होतं. तो घामानं भिजला होता.

"माय," तो बाईला म्हणाला, "ही ज्योत्स्ना. मी सांगतलं होतं ना. मले हिच्यासंग लग्न कराचं हाय."

बांगडीवालीचा हात थांबला. बाजूचा रहाटपाळणेवालासुद्धा वळून पाहायला लागला. त्याच्या आईचा, सीताबाईंचा, चेहरा दगड झाला.

मी उठले. "मले विचारलं काय आधी?"

"आँ?"

"मायले सांगतलं, गावाले सांगतलं. मले कोन विचारन?"

"ते… मी…" त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. "करशील काय… माह्यासंग?"

"ऐकू नाही आलं."

"ज्योत्स्ना!" तो ओरडला, इतक्या मोठ्यानं की पाळण्यातली पोरंही खाली वाकली. "मले तू आवडते! रागावते तवाबी आवडते! करशील काय माह्यासंग लग्न?"

मला रडायचं नव्हतं. राग पुरता गेलाही नव्हता. त्या हात सुटण्याचा राग मी अजून बराच काळ बाळगणार होते, आणि ते त्याला सांगायलाही हवं होतं.

"हौ," मी म्हटलं. "पन पुन्हा कधी हात सोडला, तर याच मंडईत सोलून काढीन तुले."

मी त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. त्यानं हात धरला, सगळ्यांदेखत.

सीताबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पदर खोचला आणि लेकाला म्हणाल्या, "लग्नाचं मी काही बोलली नाही. नाटक पाहाले येईन. पन पुढं नाही बसन. लोकं पाहतेत. मागं बसन मी."

"मागंच बसा, माय," मी म्हटलं. "माहा आवाज मागपर्यंत येते."