प्लग काढलेली जावा

हे खरं घडलंय. खोटं सांगून मला काय मिळणार? उलट यात माझ्याच घरची अब्रू जाते. तरी सांगते, कारण मनात ठेवून ठेवून आता जीव घुसमटतो.

मी सेलिना. अंधेरीला मरोळ गावठाणात आमचं घर. गोष्ट गेल्या वर्षीच्या गुड फ्रायडेची. आणि रात्रीची नाही... भर दुपारची.

माझ्या पापाची, क्लेमेंटची, पासष्ट सालची जावा मोटारसायकल होती. लाल टाकीची. या गाडीत किक आणि गिअरची दांडी एकच. आधी ती आत दाबायची, मग वर फिरवायची, मग किक. पापाची पहिली किक फुकट जायची. दुसरी पण.

तिसरीला गाडी बोलायची.

गुड फ्रायडेला मात्र गाडी बंद. आम्हा ख्रिस्ती लोकांत त्या दिवशी चर्चची घंटा वाजत नाही. आमच्या घरी रेडिओ लागत नाही, कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. पापा आदल्या संध्याकाळी गाडीचा प्लग, इंजिनात ठिणगी पाडणारा, काढून रुमालात गुंडाळून क्रुसापुढे ठेवायचा. "तिचा पण उपास," म्हणायचा. प्लगशिवाय इंजिन चालू होणं शक्यच नाही.

पापा गेला, गाडी राहिली. तिला काही झालं तर? या भीतीने मी विम्याच्या मागे लागले. जिथे जाईन तिथे एकच उत्तर. एवढ्या जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी मिळेल. म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई, आपली चोरीला गेली तर बोंब. एकाने तर विचारलं, "मॅडम, भंगारात का देत नाही?"

त्याला मी फोनवर जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

शेवटी पार्ल्याचा श्रेयस भेटला. विम्याचंच काम करतो, आणि जुन्या गाड्यांचा वेडा. त्याने नीट समजावलं. आधी जाणकाराकडून किंमत ठरवून घ्यायची, कंपनीने ती मान्य करायची आणि तीच पॉलिसीत लिहायची. मग चोरी झाली तर भंगाराचा भाव कुणी लावू शकत नाही. गाडी वारसाच्या नावावर करायची, कुलपात ठेवायची.

"किल्ल्या कोणाकडे असतील?" त्याने विचारलं.

"एक माझ्याकडे, एक भावाकडे."

गाडी मी भावाच्या, कीथच्या नावावर करून दिली. पापाचा मुलगा ना तो! हसत हसत सही केली मी, पॉलिसीही काढून दिली. वाट लागायची होती, दुसरं काय.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी प्लग काढला, क्रुसापुढे ठेवला, शेडला कुलूप लावलं आणि चर्चला गेले. कीथ आला नाही. म्हणाला, "मी बोरिवलीलाच जाईन गं चर्चला." तो तिकडेच राहतो.

शुक्रवारी दुपारी सगळं गावठाण चर्चमध्ये. मी घरी, मम्मीजवळ. ती अंथरुणाला खिळलेली.

बाहेर चिटपाखरू नाही. कावळेसुद्धा गप्प.

आणि मग...

टक.

दांडी आत दाबल्याचा आवाज. मागच्या शेडमधून.

किक. फुकट गेली.

दुसरी किक. तीही फुकट.

तिसरी मारू नको, असं मी मनातल्या मनात म्हणत होते...

तिसरीला गाडी बोलली.

मम्मी उशीवर डोकं वळवून हसली. "क्लेमेंट आयला गो."

मी धावले. शेडचं कुलूप जसंच्या तसं. पत्र्याचं दार थरथरत होतं. मी किल्ली फिरवली, दार ढकललं...

आवाज बंद.

शेड रिकामी.

गाडी नव्हतीच. नुसता निळसर धूर, आणि पेट्रोल-ऑईलचा तो ओळखीचा वास.

घरात येऊन रुमाल उचलला आणि हातातून टाकला. आतला प्लग तापलेला होता.

मी कीथला फोन लावला. "कीथ, शेडमध्ये..."

"चोरी झाली का?"

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"घाबरू नको गं," तो घाईघाईने बोलत होता, "विम्याचं कव्हर आहे ना. त्या श्रेयसला तू फोन करू नको, मी बघतो."

तेव्हा मला कळलं. कुलूप तुटलं नव्हतं, दुसरी किल्ली त्याच्याकडे होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. आणि ते कुंपण मीच घातलं होतं, पॉलिसीसकट.

मी बोलणार, तेवढ्यात तो थांबला.

"सेलू... तुझ्या मागे किक कोण मारतंय?"

मला काही ऐकू येत नव्हतं. घर गप्प होतं.

"सेलू, बंद कर ना ती! काल संध्याकाळीच उचलून नेलीय ती, खोललीय..." तो रडत होता. मग फोन बंद.

नंतर त्याने पत्ता दिला. साकीनाक्याला नितेश नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज. मी तिथे गेले. लाल टाकी भिंतीला टेकवलेली. इंजिन टेबलावर सुटं सुटं, नटबोल्ट डब्यात. भाग विकायचे आणि वर चोरीचा क्लेमही करायचा, असा बेत.

"इंजिन कधी खोललं?" मी नितेशला विचारलं.

"गुरुवारीच, ताई. गाडी आली आणि लगेच."

म्हणजे शुक्रवारी दुपारी ते इंजिन सुट्या भागांत होतं.

मी श्रेयसला खरं काय ते सांगितलं. क्लेम झाला नाही. कीथ माझ्याशी बोलत नाही. मीही नाही. पापाने जन्मभर पाळलेला उपास त्याच्यामुळे मोडला, हे मी विसरू शकत नाही.

गाडी पोत्यांमध्ये भरून घरी आणली. जोडायला कुणी तयार नाही. काही भाग आधीच विकले गेले.

यंदा गुरुवारी प्लग काढायला जोडलेली गाडीच नव्हती. तरी तो रुमालात गुंडाळून क्रुसापुढे ठेवला. शुक्रवारी दुपारी कान टवकारून बसले. शेडमधून काही आवाज नाही. खूप वेळ नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात मम्मी म्हणाली, "गो, प्लग दे ना त्याला. कवापासून किक मारतोय तो..."

मी क्रुसाकडे गेले. रुमाल उघडला नाही.

वरूनच हाताला चटका बसला.