धुकं धरलेला बुडबुडा

चष्मा दोन्ही हातांत धरून ताई अप्पांच्या खुर्चीसमोर उभी राहिली, आणि ज्या बोटांनी आजवर काचा घासताना केसभरही चूक केली नव्हती, तीच बोटं आज चष्म्याच्या काड्या उघडायला तयार होईनात!

अप्पांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून झाले होते. हिरवी झापडं, औषधाचे थेंब, ‘वाकू नका, चोळू नका’ हा सगळा जाच संपून आज नवा चष्मा लागायचा होता. आणि त्याच्या काचा ताईने स्वतः घासल्या होत्या. ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानामागच्या अरुंद खोलीत, चाकावर पाणी सोडत, दुसऱ्या कुणाला हात लावू न देता.

“लावतेस, की पूजेला ठेवतेस?” खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली चिमणी म्हणाली. चिमणी म्हणजे धाकटी बहीण. आता मोठी मालवाहू विमानं उडवायची, पण घरात पाऊल टाकलं की तिच्या खांद्यावरच्या पट्ट्या गळून पडायच्या आणि ती पुन्हा चिमणीच व्हायची.

“गप्प बस गं. कसली घाई?” ताई म्हणाली, आणि म्हणताच तिने जीभ चावली.

घाई! हा शब्द या घरात विस्तवासारखा जपून हाताळला जायचा. अप्पा हवाई दलाच्या तळावर लढाऊ विमानांचे मेकॅनिक होते. कुणीतरी घाईत एक बोल्ट अर्धाच आवळला आणि ज्या वैमानिकाला अप्पांनी सकाळी हसत शिडीवरून आत बसवलं होतं, तो परत आला नाही. तेव्हापासून जेवणापासून बोलण्यापर्यंत सगळ्या गोष्टी अप्पा सावकाश करत, आणि दुसऱ्यांनाही करायला लावत.

ताईने अलगद चष्मा त्यांच्या कानांवर चढवला. अप्पांनी पापण्या मिटल्या, उघडल्या. खोलीत दुपारचं सोनेरी ऊन तरंगत होतं. त्या उन्हातून त्यांची नजर हळूहळू वर आली आणि ताईच्या चेहऱ्यावर स्थिरावली. किती वर्षांनी!

“ताई…” ते म्हणाले. “तुझे केस कधी पांढरे झाले गं?”

ताईच्या मनात आलं, केस एका दिवशी थोडेच पांढरे होतात, अप्पा? तुम्ही बघत नव्हता, म्हणून आज एकदम दिसले… पण हे ती बोलली नाही. न बोलण्याची तिला सवय होती. आई गेली तेव्हा पदार्थविज्ञानाची पुस्तकं कपाटावर टाकून तिने चिमणीची वेणीफणी, दप्तर, डबा हे सगळं हाती घेतलं, तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

अप्पांनी मान वळवली आणि भिंतीवरच्या लांब फळीकडे पाहिलं. तिथे त्यांची विमानं उभी होती. प्रत्येक विमान खऱ्याच्या बहात्तर पटींनी लहान, तळहातावर मावेल एवढं. कुठलं लाकडातून कोरलेलं, कुठलं प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून, तापवून, घासून उभं केलेलं. तयार सुट्या भागांचा खोका अप्पाही आणत, पण ते विमान तसंच कधी जोडत नसत. त्याचं धड कापून, शेपूट लांबवून, त्यातून असं विमान घडवत, जे कुठल्याच खोक्यात मिळत नाही. “खोक्यातलं कुणीही जोडेल,” ते म्हणत, “खोक्यात नसलेलं जोडण्यात गंमत!”

त्या गमतीत ताई त्यांची जोडीदार होती. विशेषतः बुडबुड्याच्या वेळी. बुडबुडा म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं ते पारदर्शक छत; घरात त्याला दुसरं नाव नव्हतं. लाकडाचा इवलासा साचा कोरायचा, पारदर्शक शीट चौकटीत ताणून शेगडीवर धरायची, ती मऊ होऊन झोळीसारखी लोंबली की क्षणात साच्यावर दाबायची. चौकट दोघांनी दोन बाजूंनी धरायची, कारण एकट्याने धरली की एक बाजू आधी निवते आणि काचेला लाट येते. अप्पा उजवे, ताई डावरी. समोरासमोर उभे राहिले की जणू एक माणूस आणि आरशातलं त्याचं प्रतिबिंब! “आता!” असं म्हणायचा मान ताईचा. तिच्या ‘आता’वर अप्पांचे हात डोळे झाकून खाली येत.

आणि मग ती सकाळ आली…

तेव्हा अप्पा त्यांच्या मनातलं विमान करत होते. एका आसनाच्या लढाऊ विमानाचं दोन आसनांचं रूप. तरुणपणी एकदाच, एकदाच फक्त, त्या मागच्या आसनावर बसून अप्पा आकाशात गेले होते. ते आसन ताईने केलं होतं. पट्टे चांदीच्या कागदाचे, बक्कल तारेचं. लांबलचक बुडबुडा दोघांनी ओढला होता. तो पांढऱ्या गोंदाने सावकाश चिकटवायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी चिमणी विमान उडवायला शिकण्यासाठी जायची होती. कित्येक महिन्यांच्या विनवण्यांनंतर अप्पांनी होकार दिला होता, एका अटीवर. “तुझ्या हातून घाई झालेली मला एकदा जरी दिसली, तरी होकार परत घेईन. मग रडायचं नाही.”

आणि त्याच सकाळी ताईला ते विमान टेबलावर दिसलं. बुडबुडा चिकटवलेला… आणि आतून पांढराफटक! झटकन चिकटणाऱ्या गोंदाची वाफ आत कोंडून काचेवर बसली होती. दारात चिमणी उभी होती. “मला वाटलं, जाण्याआधी मी… अप्पांना आनंद होईल…” एवढंच ती बोलू शकली, आणि मागून अप्पांची पावलं वाजली.

“हे कुणी केलं?”

“मी,” ताई म्हणाली.

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, “यापुढे तुझे हात या टेबलाला लागता कामा नयेत.”

चिमणी गेली. उडाली. आणि ताई त्याच घरात, त्याच टेबलापासून चार हातांवर, परक्यासारखी राहिली. अप्पा काम करत तेव्हा ती दुसऱ्या खोलीत बसे. अप्पा फिरायला गेले की मऊ ब्रशने, श्वास रोखून, फळीवरच्या विमानांची धूळ झटके. शिक्षेचं तिला दुःख नव्हतं, ती तिने मागून घेतली होती. पण एक शल्य काळजात रुतून बसलं होतं. गोंदाच्या वाफेने काच मरते, हे अप्पांना तिनेच तर सांगितलं होतं! दुकानातली बिघडलेली काच आणून दाखवली होती! मग ती चूक तिच्या हातून झाली, हे त्यांना इतक्या सहज खरं वाटलं? माझ्या हातांवरचा त्यांचा विश्वास इतका तकलादू होता?…

“अप्पा,” चिमणी कट्ट्यावरून उतरून फळीपाशी गेली होती, “ही इकडची सगळी विमानं उघडीच का हो? बिचारे वैमानिक सर्दीने बेजार होतील की!”

ताईने औषधांच्या बाटल्या आवरायला घेतल्या.

“म्हणजे… ताई म्हणाली होती, तुम्हाला आता उघडीच आवडतात.” ती एकेक विमान पाहत मागे मागे सरकली आणि एका विमानापाशी थबकली. “हा शेवटचा बुडबुडा. हे तर मी इथे होते तेव्हाचं! त्यानंतर एकही नाही?” ती गर्रकन वळली. “ताई, तू तर मला सांगितलंस, अप्पा दोन दिवस रागावले आणि विसरले!”

“चिमणे, चहा टाकतेस का जरा?” ताई मधेच म्हणाली.

“नाही टाकत! अप्पा, त्या दिवशी तो गोंद—”

“बस.” अप्पांनी हात वर केला. “मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?” दोघी एकदम म्हणाल्या.

“चिमणे, कपाटावरचा मागचा खोका काढ.”

खोक्यात, कापसाच्या गादीवर, ते दोन आसनांचं विमान होतं. ताईला वाटत होतं, ते केव्हाच फेकून दिलं असेल! बुडबुडा अजून तसाच, हिवाळ्यातल्या सकाळीसारखा पांढरा.

अप्पांनी ते उन्हात धरलं. “हे बघ, ताई. धुकं उजव्या कडेला दाट आहे. गोंदाचा पहिला मोठा थेंब तिथे पडला, म्हणजे लावणारा उजवा. तू डावरी. पण एवढं बघायचीही गरज नव्हती. वाफेची गोष्ट या घरात सांगितली कुणी? तूच! आणि तूच म्हणतेस, ‘मी केलं’! खोटं बोलायचं तर निदान स्वतःला शोभेलसं तरी बोलायचं, पोरी!”

ताईने टेबलाची कड पकडली, आणि त्याच क्षणी, न लावायचा हात टेबलाला लागला म्हणून चटका बसल्यासारखा मागे घेतला.

ते पाहून अप्पांचा चेहरा पिळवटला.

“तुम्हाला माहीत होतं?” ताईने विचारलं. “पहिल्या दिवसापासून? मग मला का तोडलंत, अप्पा? रोज… रोज मी स्वतःला विचारत राहिले की माझ्या हातांचं मोल तुमच्या लेखी एवढंच का!”

“मी शब्द दिला होता गं. खरं ओळखलं असं म्हटलं असतं, तर हिला थांबवावं लागलं असतं. तू तिच्या आणि माझ्या शब्दाच्या मधे येऊन उभी राहिलीस. तुझे डोळे सांगत होते, जाऊ द्या तिला. मी जाऊ दिलं. मग रागाचं सोंग नीट वठवायला नको?”

“इतकी वर्षं?”

“पहिली काही हिच्यासाठी. हिचं शिक्षण पुरं होईपर्यंत.” अप्पांनी चष्मा काढला; नव्या काचा भिजल्या होत्या. “नंतरची सगळी माझ्या भेकडपणाची. तुला हाक मारायला रोज तोंड उघडायचो… आणि कुठल्या तोंडाने मारू म्हणून मिटायचो. तू धूळ झटकून ठेवायचीस, ते कळायचं मला. मी फिरून येईपर्यंत सगळी विमानं स्वच्छ! मी मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायचो, तुला पुरेसा वेळ मिळावा म्हणून.”

चिमणी ताईच्या कुशीत शिरून हुंदके देत होती. “मी रोज काचेआडून आभाळ बघते… आणि तू इथे भिंती बघत बसलीस! का गं, ताई? का?”

“तू उडावीस म्हणून. आता नाक पुसायला माझी साडी घेऊ नकोस,” ताई रडता रडता म्हणाली.

मग चिमणीला बाजूला करून ती अप्पांसमोर आली. राग होता, खूप होता. तो आज एका दिवसात जाणार नव्हता. पण त्या रागाच्या तळाशी काहीतरी निवत होतं. तिच्या हातांवरचा अप्पांचा विश्वास कधी उडालाच नव्हता! तिने चष्मा त्यांच्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि पुन्हा त्यांच्या कानांवर चढवला.

“पारदर्शक शीट आहे का घरात?” तिने विचारलं. “जुनी असेल तर पिवळी पडली असेल.”

अप्पांनी खण उघडला. वर एक कोरी शीट होती, खाली वर्षावर्षाने अधिकाधिक पिवळ्या होत गेलेल्या कितीतरी.

“जुनी पिवळी पडली की नवी आणतो,” ते खाली बघत म्हणाले. “तू एखाद्या दिवशी विचारलंस तर असावी, म्हणून.”

ताईने वरची कोरी शीट उचलून चौकटीत ताणली.

चिमणीने शेगडी पेटवली. ताईने सुरीच्या टोकाने तो पांढरा बुडबुडा हळूहळू सोडवला, आणि खाली ते मागचं आसन जसंच्या तसं दिसलं. चांदीचे पट्टे, तारेचं बक्कल, कशावर धुळीचा कण नाही. लाकडी साचा खोक्यातच होता. अप्पा आणि ताई समोरासमोर उभे राहिले, एकाचा उजवा हात, दुसरीचा डावा. शीट तापली, लकाकली, थरथरली, आणि पाण्यासारखी खाली झुकू लागली. अप्पा शीटकडे बघतच नव्हते. ते ताईकडे बघत होते.

“आता!”

दोघांचे हात एकदम खाली आले. साच्यावर एक इवलंसं आकाश उमटलं, एकही लाट नसलेलं.

कडा कापून झाल्यावर अप्पांनी टेबलाजवळची आपली खुर्ची ओढून ताईला दिली आणि पांढऱ्या गोंदाची बाटली तिच्या पुढ्यात ठेवली. ताईने डाव्या हाताने, काडीच्या टोकाने, कडेकडेने गोंद लावला आणि बुडबुडा बसवला. त्याच्याभोवती दुधासारखी एक बारीक रेघ उमटली.

“आता काय करायचं?” चिमणीने विचारलं.

“आता थांबायचं,” अप्पा म्हणाले.

तिघं टेबलाभोवती बसली. ऊन भिंतीवरून उतरून फळीवर आलं आणि उघड्या विमानांवरून एकेक करत पुढे सरकू लागलं. कधी एके ठिकाणी न बसलेली चिमणी हनुवटी टेबलावर टेकून, हात मांडीवर घट्ट धरून, मुकाट्याने बसली होती. अप्पांचा हात ताईच्या हातावर होता. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती पांढरी रेघ हळूहळू, अगदी सावकाश, काचेसारखी नितळ होत गेली.