भर दुपारचा पाट

इंझोरीच्या आमच्या वावरात मी कापूस वेचत होते, तेव्हा पायाशी एक कागद उडत आला. मग दुसरा, मग दहा-बारा. पाहते तर धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, सायकल आडवी पडलेली, आणि एक लांबसडक माणूस कपाशीत वाकून वाकून कागद धरतोय. एक धरला की दोन निसटत. मला हसू आवरेना. ओटीतला कापूस सांभाळत मी कागद गोळा केले, आणि चौथी शिकलेली असल्यामुळे वाचलेही.

"लग्न कोणी ठरवले... लग्नानंतर राहणे कुठे... एवढ्या चवकशा कायले, सायब?"

"नागपूरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकतो मी. लग्नाच्या चाली का बदलताहेत, त्याची पाहणी आहे." त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. "तुम्हालाच पहिलं विचारतो. तुमचं लग्न—?"

"झालं होतं. माणूस गेला, त्याले तीन वर्सं झाले."

त्याची पेन्सिल थांबली. इतरांसारखं त्यानं 'अरेरे' केलं नाही. नुसतं पाहिलं... आणि त्या पाहण्यानं माझे कान तापले.

दौलत त्याचं नाव. किन्हीराजा गावच्या कुणब्याचा मुलगा. आठ दिवसांच्या पाहणीत तो आमच्या घरी पाच वेळा आला. माझे बाबा, पुंजाजी, बिचारे भोळे. त्यांना वाटायचं, कॉलेजाचं काम फारच बारीक असतं.

पाचव्या वेळी ओसरीवर बसून त्यानं मला स्वतःचं लिखाण वाचून दाखवलं. "विधवांची लग्नं वाढण्याची कारणं. नवा कायदा, शाळा, कापसाच्या जिनात कामाला जाणाऱ्या बायका, मोटारीची सडक."

"अन् बाईले वाटलं म्हणून?"

"ते... कारणात धरत नाहीत."

"काहून धरत नाईत? सडक काय लगन लावते?"

तो हसला, आणि त्याची नागपूरची भाषा गळून पडली. "विजयमाला, मले तुमच्याशी लगन करायचं हाय. आता हे कोन्त्या कारणात लिवू, तुमीच सांगा."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. नाहीतर डाळ सांडलीच असती.

"लिवू नका," मी म्हटलं. "बाबाले इचारा."

बाबांनी डोळे पुसत होकार दिला. म्हणाले, "येत्या अवसेले पाट लावून देऊ." विधवेचं लग्न म्हणजे पाट. तो लागतो अंधारात, गाव निजल्यावर, मागच्या दारानं. मांडव नाही, वाजंत्री नाही. सवाष्णींनी तर तिकडे पाहायचंही नाही.

माझं डोकंच फिरलं. "मी काय चोरी केली? माहं लगन भर दुपारी, म्होरच्या दारात, वाजंत्री लावून. नाईतर नाई."

"सवासनी येत नाईत वं माय," बाबा म्हणाले. "पाह्यलं तर त्याईचं कुंकू जाते म्हंतात."

मी दौलतकडे पाहिलं. तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसला होता. "माही माय रंगूबाई... तिचाही पाटच झाला. पन रीत मोडाची गोठ काढली का उठून जाते. तिले कसं सांगू?"

"मंग तुमची पाहणी घेऊन नागपूरले जा," म्हणून मी आत गेले, आणि दारामागे तोंडात पदर कोंबून रडले. तो हवा होता मला, फार हवा होता. पण अंधारात नको होता.

अवस गेली. काही निरोप नाही. मी कापूस वेचत राहिले आणि धुऱ्याकडे पाहायचं नाही असं रोज ठरवत राहिले. मग एक चिठ्ठी आली: 'बेस्तरवारी, भर दुपारी येतो. वाजंत्री सांगितली आहे. माय येईल असं वाटत नाही.'

बेस्तरवारी ऊन डोक्यावर आलं आणि वेशीकडून सनई ऐकू आली. तसे गल्लीतले दरवाजे लागू लागले, एकेक करून. मी हिरवं लुगडं नेसून दारात उभी होते. पुढे दौलत, मुंडावळ्या बांधलेला, घामानं निथळणारा. मागे पाच माणसं. आणि त्यांच्यामागे एक बुटकी बाई, कपाळभर कुंकू लावलेली.

रंगूबाई.

बाबांनी घाबरून हात जोडले. "तुमी सवासन हा जी, ताई. इकडे पाहू नका. आत बसा घटकाभर."

ती थांबली नाही. सरळ माझ्यापाशी आली आणि त्या रखरखीत उन्हात माझ्या चेहऱ्यावरचा पदर तिनं आपल्या हातानं वर केला.

"मले पाहू द्या, भाऊ, मन भरून," ती म्हणाली. "माह्या वक्ती इतका अंधार होता का माहं लगन मलेच नाई दिसलं."