नळीतून आलेला श्वास

ही गोष्ट खरी आहे. खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे, आणि भुताच्या गोष्टीपायी तो मी मोडणार नाही.

शनिवारची संध्याकाळ होती. यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, गॅरेज आमच्या घराला लागूनच. मी दिवा लावून जपाला बसले होते, तोच धाकट्या दिरांची गाडी आली. जुनी, लाल, दोनच सीटची स्पोर्ट्स कार.

आली कसली... रांगत आली.

"दादा, हॉस्पिटलच्या चढावर पुन्हा जोर गेला. आज काय ते करून दे, उद्या पोरीला घेऊन जायचंय."

पोरगी म्हणजे माझी पुतणी. आई गेल्यापासून माझ्याच कुशीत वाढलेली. आता दीर तिला दूर, कायमची नेणार होते. पण बापापुढे काकूचं काय चालणार?

तिची आई, माझी धाकटी जाऊ, त्याच चढावर गेली. दम्याचा झटका आला, दीर तिला याच गाडीतून नेत होते. "गाडीचा जोर अचानक गेला, वेळेत पोहोचलोच नाही," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

यांनी तेव्हा गाडी तपासली होती. बिघाड काही म्हणजे काही नव्हता. पण सख्खा भाऊ... हे गप्प बसले.

आता मात्र बिघाड खरा होता.

यांनी पेट्रोलचा फिल्टर बदलला. प्लग बदलले, कॉइल बदलली. स्वतः चढावर नेली, तर गाडी वाऱ्यासारखी गेली.

दीर बसले... आणि अर्ध्या चढावर पुन्हा जोर गेला.

"तुला जमत नसेल तर सांग दादा."

"सगळं बदलून झालं रे. आता ड्रायव्हर तेवढा बदलायचा राहिलाय!"

हसले दोघंही. मला हसू आलं नाही.

इंजिन एखाद्या फटीतून हवा ओढत असेल, म्हणून यांनी रबरी नळी घेतली. एक टोक कानाला लावायचं, दुसरं चालू इंजिनावरून फिरवायचं. फट असली की शिट्टी ऐकू येते.

नळी एका जागी थांबली...

यांचा चेहरा उतरला. "जरा इकडे ये गं. तू ऐक."

मी ऐकलं.

शिट्टी होती. पण फटीतली नव्हती.

शिट्टी... खोकल्याची उबळ... पुन्हा शिट्टी.

तो श्वास मी ओळखते. तिची पाठ चोळत कितीदा ऐकलाय.

मग शब्द आले. तुटक तुटक.

"ताई... गाडी... चालू होती... यांनीच... थांबवली..."

नळी हातातून गळून पडली.

"काय ऐकलंत वहिनी?" दिरांनी विचारलं.

माझा नेम आड आला. मी हळूच म्हणाले, "ती म्हणतेय, गाडी चालू होती. तुम्हीच थांबवलीत."

दीर पांढरेफटक पडले. मग ओरडले, "जप करून करून डोकं फिरलंय तुमचं! चढ चढून दाखवतो, आणि आत्ताच्या आत्ता पोरीला नेतो!"

पुतणी माझा पदर घट्ट धरून उभी होती.

गाडी सुसाट गेली. आम्ही कान देऊन ऐकत होतो. अर्धा चढ आला...

या वेळी जोर गेला नाही.

बराच वेळ झाला तरी दीर परतले नाहीत. हे धावत गेले.

गाडी चढाच्या माथ्यावर उभी होती, हॉस्पिटलच्या फाटकासमोर. इंजिन एका लयीत चालू. दोन्ही काचा खाली.

आत दीर... ओठ निळे, हात गळ्याशी.

"श्वास कोंडून गेले," डॉक्टर म्हणाले. "यांना दमा होता का?"

दमा त्यांना कधीच नव्हता.

पुतणी माझ्यापाशीच आहे. गाडी गॅरेजमध्ये पडून आहे, यांनी बॅटरीसुद्धा काढून ठेवलीय.

मी रोज त्या दोघांसाठी हात जोडते. जावेसाठीची प्रार्थना पुरी होते. दिरांसाठी म्हणायला लागले, की बंद गॅरेजमधून...

शिट्टी येते.

मी थांबले की तीही थांबते.

आजही मी त्यांची प्रार्थना अर्धीच सोडून उठले.