बर्फाखालची हाक

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. बाळकुमला पोपटमामांच्या ओट्यावर रात्री मी आणि बंटी बसलेलो, तेव्हा मामांनी हे सांगितलं. दगडू त्यांचा मावसभाऊ.

"दगडू दक्षिण ध्रुवाकडच्या एका तळावर मेकॅनिक होता. दोन वर्षांपूर्वीची, एकवीस जूनची रात्र. तिकडे तेव्हा सूर्य उगवतच नाही. डोंबिवलीचा सलिल म्हणून एक संशोधक होता, पोरगाच. दोघं उपसागराचं पाणी मोजायला गेले."

"मामा, तिकडचं भूत स्वेटर घालतं काय?" बंटी म्हणाला.

"गप रे. उपसागर म्हणजे आपल्या खाडीसारखाच समज, पण वर छातीभर जाड बर्फाचं झाकण. पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं. ते खारं, जड पाणी तळाला जातं. किती खारं, किती थंड, ते मोजायचं. बर्फाला भोक पाडून यंत्र दोरीने तळाशी सोडलं. दगडू दोरीपाशी थांबला. सलिल किनाऱ्याकडची भेग बघायला गेला. भरतीला बर्फ वर उचलला जातो आणि तिथे फाटतो."

मामांनी विडी विझवली.

"वारा सुटला. सलिलची बॅटरी दिसेना. मग हाक आली... 'दगडूदादा!'... पायाखालून."

बंटी हसला नाही.

"एकदाच आली. आमची मावशी त्याला लहानपणापासून सांगायची, 'रातचे एके हाकेला ओ देव नको, बाला. भूत दुसरी हाक मारत नाय.' आणि एवढ्या जाड बर्फातून माणसाचा आवाज येतो का? दगडू गप्प उभा राहिला. दुसऱ्या हाकेची वाट बघत.

"नाही आली.

"मग धावला. भेगेच्या काठावर एक हातमोजा. बाकी काही नाही. बर्फावर पालथा पडून ओरडत सुटला, 'ओ! ओ, सलिल! ओ!' बुक्क्या मारल्या. हात फुटले. खाली..."

मामांनी दुसरी विडी पेटवली.

"सलिल सापडला नाही. यंत्र वर काढलं. पाणी सगळीकडे शून्याच्या खाली दोन अंश सेल्सिअस. तळाशी मात्र सदतीस. यंत्र तपासलं. बिघाड नव्हता."

"सदतीस म्हणजे?" मी विचारलं.

"जिवंत माणसाच्या काखेत थर्मामीटर लाव. कळेल."

मला झोप लागली नाही. सकाळी खाली गल्लीत कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. एकदाच. नाव माझं नव्हतं. तरी मी खिडकीत धावलो आणि ओ दिली.